सर्व्हरची दाखल नोंदवही

ग्रंथालयात दहा रुपयांची पुस्तिका आली तरी दाखल क्रमांक मिळाल्याशिवाय ती कपाटात जात नाही. या सगळ्या नोंदी ज्या सर्व्हरवर राहतात, तो कसा उभा केला हे मात्र पुष्कळदा कुठेच लिहिलेले नसते. ते एखाद्याच्या डोक्यात असते आणि त्याची बदली झाली की त्याच्याबरोबर जाते. सर्व्हर आपोआप उभा करणाऱ्या ॲन्सिबलसारख्या साधनांची स्तुती होते ती वेगासाठी. मला वेग दुय्यम वाटतो. सर्व्हर कसा असावा हे ज्यात लिहायचे, ती प्लेबुक नावाची साधी मजकुराची फाइल म्हणजे सर्व्हरची दाखल नोंदवही आहे, आणि तिचे खरे मोल तिथे आहे.

कोहा या ग्रंथालय प्रणालीचेच पाहा. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयांची जुनी प्रणाली २००० साल ओलांडू शकणार नव्हती, म्हणून १९९९ मध्ये काटिपो या कंपनीकडून ही नवी प्रणाली करून घेतली गेली. कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट. परवान्याचे पैसे लागत नाहीत, पण भेट घरी आणून मांडावी लागतेच: डेबियन किंवा उबुंटू ही कार्यप्रणाली, अपाची हा वेब सर्व्हर, मारियाडीबी हा डेटाबेस, शोधासाठी झेब्रा. मराठी ग्रंथालयात त्यात आणखी एक बारकावा येतो. देवनागरी शब्द नीट सापडावेत म्हणून झेब्राच्या अनुक्रमणिकेच्या फाइलमध्ये मूळची वर्णतक्त्याची ओळ काढून आयसीयू या युनिकोड जाणणाऱ्या संचाची ओळ घालायची आणि अनुक्रमणिका नव्याने बांधायची. बदल एका ओळीचा. पुढे अपग्रेड करताना डेबियनने विचारले, ‘तुमची फाइल ठेवू की नवी घेऊ?’ आणि कुणी घाईत नवी घेतली, तर ती ओळ गेली. एरर येत नाही. फक्त वाचकाला कपाटात असलेले पुस्तक संगणकावर मिळत नाही. प्लेबुकमध्ये ही ओळ कारणासकट लिहिलेली असली, तर ते पुन्हा चालवताच ती जागेवर येते.

एकच सर्व्हर असलेल्या ग्रंथालयाने हा खटाटोप का करावा, हा आक्षेप रास्त आहे. पण कोहाच्या मोठ्या आवृत्त्या वर्षातून दोनदा येतात, यंत्रेही जुनी होतात. दहा वर्षांत तोच सर्व्हर अनेकदा उभा राहतो. मग साधी स्क्रिप्ट पुरणार नाही का? फाइलच्या शेवटी ओळ जोडणारी स्क्रिप्ट दोनदा चालवली तर ओळ दोनदा बसते. जपून लिहिलेली स्क्रिप्ट हे टाळते, हे मान्य. पण तेव्हा प्रत्येक तपासणी आपणच लिहायची. प्लेबुक कृती नव्हे, अंतिम स्थिती सांगते आणि मुळात तशीच असलेली गोष्ट ॲन्सिबल हलवत नाही. ही दृष्टी १९९३ मध्ये ऑस्लोत मार्क बर्जेस यांनी सुरू केलेल्या सीएफइंजिन या साधनापासून रुजली.

प्लेबुकमधली चूकही तितक्याच इमानाने सर्व्हरवर पोचते, हा आक्षेप अधिक गंभीर. त्यासाठी आधी चेक मोडमध्ये काय बदलणार ते पाहावे आणि चाचणीच्या सर्व्हरवर चालवावे. शिवाय प्लेबुकमध्ये सगळेच येत नाही: देवघेवीचे नियम, सभासद, पुस्तकांच्या नोंदी डेटाबेसमध्ये असतात. प्लेबुक रिकामी इमारत बांधून देते, सामान रोजच्या बॅकअपमधूनच आणायचे. डेटाबेसचा पासवर्ड ॲन्सिबल व्हॉल्टमध्ये कुलूपबंद ठेवता येतो. त्या व्हॉल्टचा पासवर्ड मात्र पुन्हा एकाच्याच डोक्यात नको: तो कागदावर लिहून, लिफाफा लाखबंद करून ग्रंथपालांच्या कपाटात ठेवावा, आणि त्या लिफाफ्याचीही नोंद करावी.