मुलांच्या डोक्यातील उवा शेळी-कुत्र्याकडून येतात काय ?



शाळकरी मुलीच्या डोक्यात उवा निघाल्या की पहिला संशय दारच्या कुत्र्यावर, नाही तर गोठ्यातल्या शेळीवर जातो. ‘सारखी करडू मांडीवर घेऊन बसते, मग दुसरे काय होणार?’ असे घरची मोठी माणसे म्हणतात. एवढ्यावर भागले असते तर हसून सोडून दिले असते. पण पुढे गोचिडाचे उरलेले औषध पोरीच्या केसांना चोळले जाते, म्हणून याविषयी लिहिणे आम्हाला जरूर वाटले.

माणसाच्या डोक्यातील ऊ माणसाच्याच डोक्यात जगते. तिच्या सहाही पायांना आकडे असतात, ते माणसाच्या केसाला धरून बसतील अशाच बेताचे. दिवसातून अनेक वेळा तिला माणसाचे रक्त लागते. डोक्यावरून खाली पडली तर एक-दोन दिवसांत मरते. तिला पंख नाहीत, उडीही मारता येत नाही. डोक्याला डोके लागले की सरपटत पलीकडे जाते, एवढाच तिचा प्रवास.

शेळी, गाय, म्हैस, कुत्रे यांनाही उवा होतात, पण त्यांची जात निराळी. शेळीची एक ऊ तर रक्त न पिता कातडीचा कोंडाच कुरतडते. धार काढताना म्हशीची ऊ हातावर चढली तरी ती माणसावर संसार मांडीत नाही. तेव्हा कुत्रे हाकलून काही साधत नाही.

गोचीड आणि पिसवा यांची गोष्ट मात्र वेगळी. ही मंडळी जनावरालाही चावतात आणि माणसालाही. कर्नाटकात 1957 साली सापडलेला माकडताप जंगलातल्या गोचिडांमुळे होतो. 2016 पासून आपल्या राज्यात दोडामार्गकडेही त्याचे रोगी निघाले. 1896 साली मुंबईत आलेला प्लेग उंदरावरच्या पिसवांनी पसरविला. म्हणून गोठा आणि कुत्रे स्वच्छ ठेवावेच, पण ते उवांसाठी नव्हे.

आता औषधाचे. जनावराचे औषध जाड कातडीच्या हिशेबाने केलेले जालीम विष असते. मुलाच्या डोक्याच्या कातडीतून, खाजवलेल्या जखमांतून ते अंगात भिनते. डोळ्यात, तोंडातही जाते. उलट्या, घेरी, श्वास कोंडणे, इथवर पाळी येऊ शकते. असे औषध लावलेच गेले असेल तर डोके साबणाने भरपूर धुवावे आणि बाटली बरोबर घेऊन ताबडतोब सरकारी दवाखाना गाठावा. रॉकेलही नको, चुलीपुढे बसणाऱ्या मुलीच्या केसांना रॉकेल म्हणजे आगीशी खेळ.

खात्रीचा उपाय जुनाच, बारीक दातांची फणी. केस ओले करून, तेल लावून, मुळापासून टोकापर्यंत फणी फिरवावी, दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे. लीख फुटायला 7 ते 9 दिवस लागतात, त्यामुळे एकदा विंचरून काम होत नाही. डॉक्टरांना विचारून 1 टक्का परमेथ्रिनचे लोशन लावले तरी 9-10 दिवसांनी ते पुन्हा लावावे लागते. आणि घरातल्या सर्वांची डोकी एकाच दिवशी पाहावीत, आजीचेसुद्धा. नाही तर पोरीचे डोके साफ आणि रात्री तिच्याच कुशीत झोपणाऱ्या आजीकडून उवा परत !

हंगामात ऊसतोड कामगारांची मुले गावच्या शाळेत किंवा साखरशाळेत आली की ‘यांनीच उवा आणल्या’ असेही बोलले जाते. ते आम्हाला पटत नाही. रोज न्हालेल्या केसांतही ऊ तितक्याच सुखाने राहते. बाकावर डोक्याला डोके लावून बसलेल्या मुलांत कोणाची ऊ कोणाकडे गेली, हे कोण सांगणार? अशा वेळी गुरुजींनी साऱ्याच पालकांना एकदम निरोप द्यावा, एका मुलाला वेगळे बसवू नये.

कुत्र्याला गोचीड असतील तर त्याला जनावरांच्या दवाखान्यात दाखवावे. तेथून मिळालेल्या औषधाची बाटली मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी, कुलपात ठेवावी. खोबरेल तेलाच्या शेजारी तर नकोच.