बंदुकीचे उपसाहित्य व त्याचा संग्रह
ठासणीच्या बंदुकीसोबत सैनिकास बाळगावे लागणारे बारूददान, रंजकदाणी, जामगी, गोळ्यांचा बटवा, गोळ्या ओतण्याचा साचा, तोसदान, कमरपट्टा इ. साहित्य आणि ते हौसेने वा अभ्यासासाठी जमविण्याचा छंद. तलवार, कट्यार, ढाल यांना संग्राहकांनी पूर्वीपासून मान दिला; त्यामानाने हे किरकोळ साहित्य उपेक्षित राहिले. वास्तविक बंदूक प्रत्यक्षात कशी वापरली जाई, हे पुष्कळदा तिच्यापेक्षा या वस्तूंवरूनच अधिक कळते.

जामगीच्या बंदुकीत बार भरणे वेळखाऊ असे. बारूददानातील जाडी दारू मापाने नळीत ओतून, तीवर गोळी घालून ती गजाने ठासत. नंतर नळीच्या कानाजवळील लहान खळग्यात बारीक दारू, म्हणजे रंजक, टाकीत. चाप ओढताच जामगीचे, म्हणजे सोऱ्यात मुरविलेल्या दोरीचे, धुमसते टोक रंजकावर पडे व बार उडे. दारू दोन प्रतींची असल्याने पात्रेही दोन लागत. रंजकदाणी लहान असून तिच्या चोचीवर कमानीचे झाकण असे. सामान्य शिपायाचे बारूददान शिंगाचे, लाकडाचे वा कातड्याचे असे. शिंग पाणी शोषीत नाही व त्यातून ठिणगीही उडत नाही, हे त्याच्या पसंतीचे कारण होय. याउलट मोगलकालीन हस्तिदंती रंजकदाण्यांवर हरीण, चित्ता आदी प्राणी एकमेकांत गुंफलेले आढळतात. त्या शिकारी अमीर-उमरावांच्या वस्तू होत, रणांगणाच्या नव्हेत. चकमकी बंदुकीबरोबर मोजून बांधलेली कागदी काडतुसे व ती ठेवण्याचे तोसदान रूढ झाले. महादजी शिंदे यांच्यासाठी द बॉइन्य याने उभारलेल्या कवायती पलटणींची शिस्त अशाच साहित्यावर अवलंबून होती.

समुद्रकिनाऱ्यावर या साहित्याची कसोटी लागे. सोऱ्यात मिठाचा अंश राहिल्यास दारू दमट हवेत ओल धरते. त्यामुळे घट्ट झाकणाचे पात्र ही तेथे चैन नसून निकड होती. वाघोटन खाडीच्या मुखावरील विजयदुर्ग येथे हे विशेषत्वाने जाणवते. तुळाजी आंग्रे यांच्या ताब्यातील हा जलदुर्ग फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन व क्लाइव्ह यांनी घेतला. त्या वेळी आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले आणि किल्ल्यातील सु. १० लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. त्याच वर्षी किल्ला पेशव्यांकडे आला व पुढे धुळपांच्या सुभेदारीत त्यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे बनला. १८१८ मध्ये तो पुन्हा इंग्रजांकडे गेला. एवढ्या उलथापालथीत जड लोखंड तेवढे मागे उरले. किल्ल्यात तोफगोळे पाहावयास मिळतात. ते वापरणाऱ्यांच्या कमरेचे शिंग वा बटवा मात्र त्या खाऱ्या हवेत टिकणे दुरापास्तच. लोखंडही तेथे निर्धोक नसते. समुद्रातून काढलेला गोळा योग्य प्रक्रियेविना वाळू दिल्यास आतील क्षारांमुळे त्याचे पापुद्रे सुटतात.

वस्तूचे ठिकाण नोंदविले गेले नाही, तर तिची निम्मी साक्ष नाहीशी होते. ‘गडावरची’ एवढ्याच वर्णनाने विकल्या जाणाऱ्या बारूददानावरून ते कोणत्या पलटणीचे, कोणत्या शतकाचे, हे सांगणे अवघड असते. नकली वस्तूही पुष्कळ असतात. अस्सल पात्राची झीज चोच, कमान व अडकविण्याची कडी अशा हाताळणीच्याच जागी आढळते, नकलेत ती सर्वत्र सारखी असते.

या शस्त्रांच्या वर्गीकरणाचा एक आरंभीचा प्रयत्न विल्ब्रॅहम एजर्टन यांनी १८८० मधील सूचिग्रंथात केला. महाराष्ट्रात दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी जमविलेल्या व १९७५ मध्ये राज्यशासनास दिलेल्या पुण्यातील राजा केळकर संग्रहालयात शस्त्रेही आहेत.

दुरुस्तीनंतरही झाडता न येणाऱ्या कालबाह्य शस्त्रांना १९५९ च्या शस्त्र अधिनियमातून सूट आहे. चालू स्थितीतील बंदुकीस व जिवंत काडतुसांस परवाना लागतो. पुरावस्तू परदेशी नेण्यावर १९७२ च्या अधिनियमाने निर्बंध आहेत. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेला विजयदुर्ग हे संरक्षित स्मारक असल्याने तेथे परवानगीविना उत्खनन करता येत नाही. अन्यत्रही जमिनीत सापडलेल्या १० रुपयांहून अधिक मोलाच्या पुरलेल्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणे १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार बंधनकारक आहे.