वस्त्रांची कहाणी, लेखांक ८ : रोजचा अंगरखा आणि धर्मगुरूचा झगा

पहिल्या तीन शतकांत ख्रिस्ती धर्मगुरूंचा असा वेगळा पोशाख नव्हता. बिशप, त्याचे सहायक डीकन आणि प्रार्थनेला जमलेले लोक यांच्या अंगावर रोमन साम्राज्यातल्या कोणाही माणसाच्या अंगावर असत तेच कपडे असत. फार तर ते धुतलेले आणि जरा बरे असत. बायबलच्या जुन्या करारातल्या अहरोनाच्या याजकवस्त्रांशी चर्चच्या झग्यांचे नाते पुढे मध्ययुगीन भाष्यकारांनी जोडले. झग्याचा खरा उगम मात्र बाजारपेठेत आणि प्रवासाच्या रस्त्यावर शोधावा लागतो.

या पोशाखाचा पाया म्हणजे ट्युनिक. हा लोकरीचा किंवा तागाच्या सुताचा सैल अंगरखा असे, कमरेला बांधलेला. पुष्कळदा तो मागावरच एकसंध विणत आणि गळ्यासाठी चीर ठेवत. योहानाच्या शुभवर्तमानात येशूचा अंगरखा असाच बिनशिवणीचा आहे, आणि म्हणूनच शिपाई तो फाडत नाहीत, त्यावर चिठ्ठ्या टाकतात. अंगरख्यावर दोन्ही खांद्यांवरून खाली उतरणारे रंगीत पट्टे असत. प्रवासात, थंडीपावसात त्यावर पेनुला येई. पेनुला म्हणजे जाड लोकरीचे घेरदार पांघरूण. त्याला डोके घालण्यापुरते भोक असे आणि बहुधा टोपीही. आपल्याकडचा शेतकरी पावसात घोंगडीची खोळ घेतो, तिच्याशी त्याचे काम जुळते. पौल कैदेतून तीमथ्याला लिहितो, तेव्हा त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा घेऊन ये असे सांगतो. तो याच जातीचा असावा.

पोशाख वेगळा नसला तरी त्यावर वाद पुष्कळ होता. जांभळा रंग समुद्रातल्या शंखांपासून मिळे. एवढ्याशा रंगासाठी हजारो शंख फोडावे लागत, म्हणून तो श्रीमंतीची खूण ठरला. प्रेषितांच्या कृत्यांतली थुवतीराची लुदिया याच जांभळ्या मालाची व्यापारी होती, आणि तिच्या धंद्याला तिथे कोणी बोल लावलेला नाही. पण 200 च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट आणि कार्थेजचा टर्टुलियन या दोघांनीही रंगवलेल्या कपड्यांवर टीका केली. देवाला हवे असते तर त्याने जांभळ्या मेंढ्याच निर्माण केल्या असत्या, असा टर्टुलियनचा युक्तिवाद होता. आणखी दोनशे वर्षांनी आमासियाचा बिशप अस्टेरियस वेगळ्याच हौसेवर बोलला. धनिक लोक शुभवर्तमानातले प्रसंग कपड्यांवर विणून घेऊन मिरवत. अस्टेरियसला त्यात भक्ती दिसली नाही, प्रदर्शन दिसले. इजिप्तच्या कोरड्या वाळूत त्या काळची चित्रे विणलेली वस्त्रे टिकून राहिली आहेत. अस्टेरियस कशावर संतापला असेल याची कल्पना ती पाहून येते.

धार्मिक अर्थ पहिल्यांदा ठळकपणे चिकटला तो बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या वस्त्राला. दीक्षार्थी जुने कपडे उतरवून पाण्यात उतरे, वर आल्यावर त्याला शुभ्र वस्त्र मिळे, आणि ईस्टरनंतरचा आठवडाभर तो ते अंगावर ठेवी. हे वस्त्र धर्मगुरूचे नव्हते, साध्या नवदीक्षिताचे होते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

258 साली कार्थेजचा बिशप सिप्रियन याला देहदंड झाला, त्या प्रसंगाच्या वृत्तान्तात त्याचे कपडे क्रमाने येतात. त्याने आधी अंगावरचे पांघरूण काढले, मग डाल्मॅटिक उतरवून डीकनांच्या हाती दिले आणि तागाच्या अंगरख्यात तो उभा राहिला. डाल्मॅटिक म्हणजे डाल्मेशियाकडून आलेला रुंद बाह्यांचा झगा. पुढे तो डीकनांचे खास वस्त्र झाला. सिप्रियनच्या अंगावर मात्र तो बड्या शहरी गृहस्थाचा कपडा होता.

वेगळेपण जाणूनबुजून आणले ते संन्याशांनी. इजिप्तच्या वाळवंटातले साधू मेंढीचे कातडे, आखूड बाह्यांचा अंगरखा, टोपी आणि कमरपट्टा वापरत. त्यांच्यातल्या अँटनीने 356 च्या सुमारास मरताना जे थोडे कपडे मागे ठेवले, त्यांत दोन कातडी आणि एक झगा होता. असे साधू गॉलमध्ये बिशप होऊ लागले आणि तोच वेष घालून चर्चमध्ये वावरू लागले, तेव्हा पोप सेलेस्टाइनला ते रुचले नाही. 428 साली व्हिएन आणि नार्बोन प्रांतांच्या बिशपांना लिहिलेल्या पत्रात त्याने बजावले की धर्मगुरू शिकवणुकीने आणि वागणुकीने ओळखू यावा, कपड्याने नव्हे.

पोपची अपेक्षा टिकली नाही, कारण भोवतालचे जग कपडे बदलत होते. सैनिकी ढंगाचा, उजव्या खांद्यावर पिन लावलेला क्लॅमिस नावाचा झगा दरबारात रुळला. उत्तरेकडच्या टोळ्यांच्या विजारीही रोममध्ये शिरल्या. चौथ्या शतकाच्या अखेरीस त्यांवर बंदी घालण्याची वेळ सम्राट होनोरियसवर आली, यावरूनच त्यांचा प्रसार कळतो. धर्मगुरू मात्र जुन्या नागरी कपड्यांतच राहिले. राव्हेन्नाच्या सान व्हिताले चर्चमधले 547 च्या सुमाराचे मोझेइक हा फरक डोळ्यांसमोर उभा करते. सम्राट जस्टिनियन आणि दरबारी क्लॅमिस ल्यालेले आहेत. शेजारी बिशप मॅक्सिमियानुस पांढऱ्या डाल्मॅटिकवर घेरदार पेनुला घालून उभा आहे आणि त्याच्या खांद्यांवर क्रूस काढलेला पांढरा पट्टा आहे. त्याच्या डीकनांच्या झग्यांवर तेच जुने दोन पट्टे आहेत. दोनशे वर्षांपूर्वी या वेषाकडे रस्त्यात कोणी वळून पाहिले नसते. पेनुलाला पुढे कासुला, म्हणजे 'छोटे घर', हे नाव रूढ झाले. रोम असो वा वसई, कॅथलिक धर्मगुरू मिस्साच्या वेळी सर्वांत वर जो झगा घालतात, तो याच पांघरुणाचा वंशज.

मग नियम आले. ओरारियम नावाचा लांब पट्टा कोणी घ्यावा यावर चौथ्या शतकातच लाओदिकियाच्या धर्मसभेने बंधन घातले होते. 633 साली टोलेडोच्या चौथ्या धर्मसभेने ठरवले की डीकनने एकच ओरारियम घ्यावा, तोही डाव्या खांद्यावर, आणि त्यावर रंग वा सोने नसावे. याच सभेने आणखी एक निर्णय दिला. चुकीने पदच्युत झालेल्या धर्मगुरूला पद परत द्यायचे, तर ते वेदीसमोर त्याची वस्त्रे परत देऊनच द्यावे : बिशपला ओरारियम, अंगठी आणि दंड, धर्मगुरूला ओरारियम आणि पेनुला, डीकनला ओरारियम आणि पांढरा झगा.