चक्रमुद्रित अंकाची वाढ

लघुनियतकालिक वाढलं की नाही, हे आपण मोठ्या मासिकाच्या हिशेबानं मोजतो: खप किती, वर्गणीदार किती, अंक महिन्याच्या महिन्याला निघतो का. पन्नासच्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी मुंबईत काढलेलं ‘शब्द’ या हिशेबात नापासच होईल. पण तो अंक कसा निघत असे ते पाहिलं, तर हिशेबच चुकीचा ठरतो. ‘शब्द’ सायक्लोस्टाइल केलेलं, म्हणजे चक्रमुद्रित, असे. टाइपरायटरची रिबन बाजूला सारून मेणाच्या स्टेन्सिलवर अक्षरं ठोकायची; ठोका हलका पडला तर अक्षर पुसट, जोरात पडला तर ‘व’चं पोट गळून पडणार. चुकलं तर वर द्रव फासून, वाळवून पुन्हा ठोकायचं. मग स्टेन्सिल रोलरवर चढवून दांडा फिरवायचा. काही शे प्रती निघेपर्यंत ती टिके. खिळे जुळवणारा नको, ब्लॉक नकोत, जाहिराती नकोत. त्यामुळे अंक काढायचा की नाही, हे पैशापेक्षा मजकुरावर ठरत असे. छापावंसं काही नसेल तर अंकच नाही. ज्याला आपण अनियमितपणा म्हणतो, तो या पद्धतीचा सर्वांत प्रामाणिक भाग होता.

यावर गंभीर आक्षेप संपादनाचा आहे. गिरगावात खटाववाडीतून निघणाऱ्या ‘सत्यकथा’ मासिकात संपादक राम पटवर्धन एकेका कथेसाठी लेखकाच्या मागे चिकाटीनं लागत. तेवढी मेहनत चक्रमुद्रित अंकांत क्वचितच दिसते, पुष्कळ मजकूर कच्चा राहिला, आणि स्त्रिया तिथे जवळजवळ नव्हत्याच. हे मान्य करायलाच हवं. मात्र ‘सत्यकथे’च्या घोटीवपणाबरोबर एक ठाम अभिरुचीही येई, आणि तिच्यात न बसणारं लेखन दाराबाहेर राही. १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथे’ची होळी केली, ती मला अन्यायाची वाटते, कारण कोलटकरांची कविता ‘सत्यकथे’नंही छापली होती. ढाल्यांचं खरं उत्तर त्यांनी स्वतः काढलेल्या ‘येरू’, ‘तापसी’सारख्या अंकांत आहे.

असे अंक लवकर बंद पडतात, हा अल्पायुष्याचा आक्षेप मात्र मला पटत नाही. ‘असो’ हे लघुनियतकालिक थांबलं, पण त्यामागचे अशोक शहाणे थांबले नाहीत; त्यांच्या प्रास प्रकाशनानं १९७७ साली ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढल्या, पुढे ‘भिजकी वही’ही, जिला २००५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हेमंत दिवटे यांचं ‘अभिधानंतर’ही असंच वाढलं: अंक बंद पडला, पण त्यांची ‘पोएट्रीवाला’ ही प्रकाशनसंस्था कवितेची पुस्तकं काढत राहिली.