स्वभाव बदलला की मेंदूला मार बसला?

दिवाळीनंतर अर्जुनी मोरगावकडे मंडईचे आणि झाडीपट्टीतल्या नाटकांचे दिवस येतात. नाटक पाहून रात्री मोटारसायकलवर परतताना नवेगावबांधच्या रस्त्यावर रानडुक्कर आडवं आलं, की पडणाऱ्याचं डोकं आपटतं. टाके पडतात, माणूस घरी येतो. दोन महिन्यांनी बायको म्हणते, "आमचे हे पयलेसारखे नाही रायले." मग कुणी सुचवतं, व्यक्तिमत्त्वाची चाचणी करून घ्या.

'चाचणीत आकडे चढले म्हणजे माणूस मनोरुग्ण', हा सर्वांत घातक गैरसमज. मिनेसोटा विद्यापीठात तयार झालेली एमएमपीआय ही अशा चाचण्यांतली प्रसिद्ध चाचणी. तिच्या १९८९च्या सुधारित आवृत्तीत ५६७ विधानं आहेत. प्रत्येकावर 'खरं' किंवा 'खोटं' सांगायचं. मेंदूला मार बसलेल्याचा तोल जातो, हातपाय बधिर होतात, वाचलेलं लक्षात राहत नाही. तो प्रामाणिकपणे 'खरं' म्हणतो आणि हीच उत्तरं उदासी, आजाराची अतिकाळजी, अगदी स्किझोफ्रेनिया यांच्या मोजपट्ट्यांत जमा होतात. धानाच्या बांध्यावर झोक जाणं ही मेंदूची इजा. कागदावर मात्र तो मनाचा आजार ठरतो. कार्लटन गॅस यांनी १९९१मध्ये अशी १४ विधानं वेगळी काढून दाखवली. तरी ती सरसकट वगळणंही बरोबर नाही. अपघातानंतर अनेकांना खरीच उदासी येते, तिच्यावर उपचार आहेत, आणि वगळण्याच्या नादात ती झाकली जाते.

'तो स्वतःच म्हणतो, मला काही झालं नाही.' मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली, की स्वतःतला बदल ओळखण्याची ताकदच कमी होऊ शकते. आत बसून तो 'मला राग येत नाही' यावर 'खरं' अशी खूण करतो. बाहेर बाकावर बसलेली बायको सांगते, काल भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावलं. तो खोटं बोलत नाही. त्याला ते दिसतच नाही. म्हणून बायको, आई, भाऊ यांना वेगळं बसवून विचारणं हा तपासणीचाच भाग आहे. अपघाताआधी तो कसा होता, हे आजची चाचणी सांगू शकत नाही. ते घरालाच माहीत असतं.

'सीटी स्कॅन चांगला आला, म्हणजे नाटक करतो', हेही खरं नाही. मज्जातंतूंच्या बारीक इजा त्या चित्रात अनेकदा दिसत नाहीत.

आणि नातेवाइकाने विधानं वाचून, समजावून, उत्तरंही सुचवली, तर ती चाचणी त्या नातेवाइकाची होते. ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञानेच घ्यावी, स्मरण आणि अवधानाच्या चाचण्यांसोबत, आणि माणूस थकला तर थांबून थांबून.

जाताना डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. तो किती वेळ बेशुद्ध होता आणि अपघातानंतरची कोणती पहिली गोष्ट त्याला सलग आठवते, हे आधीच वहीत लिहून ठेवा. इजा किती खोल आहे, याचा अंदाज बांधताना तज्ज्ञ हेच विचारतात.