दुव्याची दलाली

माझी आई पोस्टाची एजंट होती. मुलुंड पूर्वेला आमच्या आणि आजूबाजूच्या चार इमारतींतून ती दर महिन्याला आरडीचे हप्ते गोळा करायची आणि १५ तारखेच्या आत पोस्टात भरायची. १९७२ साली सुरू झालेल्या महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची ती अधिकृत एजंट. १०० रुपयांच्या हप्त्यामागे तिला ४ रुपये कमिशन मिळायचं. हा दर सरकारनं ठरवलेला आणि सगळ्यांना ठाऊक असलेला. ‘घ्या, तुमचे चार रुपये सुटले,’ असं म्हणत शेजारच्या काकू हप्ता तिच्या हातावर ठेवायच्या आणि वर चहाही द्यायच्या. लोक पोस्टात पैसे ठेवत ते सरकारच्या भरवशावर. पण हातात देत ते आईच्या भरवशावर.

२०२० च्या अखेरीस अंधेरीतली माझी हिशेबनिसाची नोकरी गेली. त्यानंतर मी जो उद्योग शिकले त्याला ‘अ‍ॅफिलिएट मार्केटिंग’ असं भारदस्त नाव असलं, तरी त्याचं कूळ आईच्याच कामाचं आहे. दुसऱ्याची वस्तू तिसऱ्याला सुचवायची आणि ती विकली गेली तर मधलं कमिशन घ्यायचं. आई दारोदार जायची, मी घरबसल्या लिहिते, एवढाच वरवरचा फरक. या उद्योगाची रचना कशी आहे, त्यात पैसे कुठून येतात आणि कुठे मुरतात, हे समजावून सांगणं हा या लेखाचा हेतू. तो शिकताना माझं एक नुकसान झालं. ते पैशांचं नव्हतं. त्याचाही हिशेब यात येईल.

चिठ्ठी आणि तिचं आयुष्य

या धंद्याचा पाया पुस्तकांनी आणि गाण्यांनी घातला, हे साहित्याच्या वाचकांना गमतीचं वाटेल. गाण्यांच्या सीडी विकणाऱ्या सीडीनाऊ या अमेरिकन दुकानानं १९९४ मध्ये असा प्रयोग केला. जुलै १९९६ मध्ये अ‍ॅमेझॉननं तो सर्वांसाठी खुला केला. तेव्हा त्या कंपनीचं दुकान उघडून जेमतेम वर्ष झालं होतं आणि ती फक्त पुस्तकं विकत होती. कुणीही आपल्या संकेतस्थळावर एखाद्या पुस्तकाबद्दल लिहावं, खाली दुकानाचा दुवा द्यावा. वाचकानं तिथून पुस्तक घेतलं तर लिहिणाऱ्याला वाटा. थोडक्यात, पुस्तक परीक्षणाला दलालीची जोड मिळाली.

नाव नोंदवलं की आपल्याला एक ओळखखूण मिळते आणि ती आपल्या प्रत्येक दुव्यात गुंफलेली असते. वाचकानं दुवा दाबला की दुकान त्याच्या फोनमध्ये किंवा संगणकात एक बारीकशी चिठ्ठी ठेवतं, ‘हे गिऱ्हाईक अमक्याकडून आलं.’ या चिठ्ठीला कुकी म्हणतात. नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी १९९४ मध्ये ती शोधून काढली. चिठ्ठीला ठरावीक आयुष्य असतं. अ‍ॅमेझॉनच्या योजनेत ते साधारण २४ तासांचं आहे. तेवढ्या वेळात त्या माणसानं पुस्तकाऐवजी मिक्सर घेतला, तरी कमिशन माझं. आणि पुस्तकावर दोन दिवस विचार करून तिसऱ्या दिवशी ते घेतलं, तर मला काहीच नाही.

दुसरा नियम याहून बोचरा. माझ्या दुव्यानंतर त्यानं दुसऱ्या कुणाचा दुवा दाबला, तर माझी चिठ्ठी पुसली जाते आणि सगळं कमिशन शेवटच्या दुव्याला जातं. मुंबईत घर शोधलेल्यांना हे पटकन कळेल. दहा फ्लॅट दाखवत उन्हातान्हात फिरवणारा एजंट एक आणि टोकन देताना हजर असलेला दुसरा. दलाली त्या दुसऱ्याची. याच फटीत लबाडी शिरते. वाचकानं काहीही दाबलेलं नसताना लाखो संगणकांत गुपचूप चिठ्ठ्या पेरून ई-बेकडून कमिशन उकळल्याबद्दल अमेरिकेत दोघांना २०१४ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली.

दर ठरवण्याचा अधिकार मात्र पूर्णपणे दुकानाचा. मोबाइलवर अगदी कमी, कपडे आणि घरगुती वस्तूंवर त्याहून जास्त, असं सर्वसाधारण गणित असतं. ते कधीही बदलू शकतं. २१ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत सारं जग घरी बसून खरेदी करत असताना, अ‍ॅमेझॉननं अमेरिकेत फर्निचरवरचा दर ८ टक्क्यांवरून ३ वर आणि किराणावरचा ५ वरून १ वर आणला. मला याचं फार नवल वाटलं नाही. डिसेंबर २०११ मध्ये सरकारनं पीपीएफवरचं एजंटांचं १ टक्का कमिशन एका फटक्यात बंद केलेलं मी पाहिलं होतं. आईचे आरडीवरचे ४ टक्के तेव्हा वाचले, पण तो महिना तिनं धास्तीत काढला. मधल्या माणसाचा दर मधला माणूस कधीच ठरवत नाही.

कागदावरचा हिशेब

हिशेबनीस असल्यामुळे मी आधी कागद घेऊन बसले. समजा, ३०० रुपयांच्या पुस्तकावर ५ टक्के, म्हणजे १५ रुपये मिळतात. समजा, १०० जणांनी लेख वाचला, त्यांतल्या १० जणांनी दुवा दाबला आणि एकानं पुस्तक घेतलं. म्हणजे १०० वाचकांमागे १५ रुपये. महिन्याला १५,००० हवे असतील तर महिन्याला १ लाख वाचक हवेत. मराठी पुस्तकांवरच्या लेखाला एवढे वाचक कुठून आणायचे? तरीही हट्टानं मी पुस्तकांपासूनच सुरुवात केली. पहिल्या पाच महिन्यांत कमिशनचे पैसे खात्यात जमा व्हायला लागणारी किमान रक्कमसुद्धा भरली नाही.

जे मिळेल त्यातून कराचाही भाग आहे. कमिशन ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की आधी टीडीएस कापला जातो. त्याचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला. उत्पन्न किरकोळ असलं तरी ते विवरणपत्रात दाखवावं लागतं. घरबसल्या उत्पन्नाच्या जाहिराती ही बाजू क्वचितच सांगतात.

अंधेरीचा हॉल

त्या जाहिरातींचं मूळ मला २०२२ मध्ये दिसलं. बोरिवलीला राहणारा माझा भाचा म्हणाला, “मावशी, तू उगाच एकटी धडपडतेस. एकदा आमच्या सरांना ऐक.” एका रविवारी घाटकोपरहून मेट्रोनं आम्ही अंधेरीला गेलो. हॉटेलचा हॉल, मोठ्यानं लावलेली गाणी आणि पडद्यावर लोकांच्या कमाईचे आकडे. तीन तासांत चिठ्ठी, दर, वाचक यांबद्दल चकार शब्द निघाला नाही. सांगितलं गेलं ते एवढंच, की १४,००० रुपये भरून कोर्स घ्या, आणि मग तोच कोर्स दुसऱ्याला विकलात की निम्मे पैसे तुमचे.

भाच्यानं पहिल्या पगारातून पैसे आधीच भरले होते. ते वसूल व्हायला दोन माणसं हवी होती. त्यानं कॉलेजातल्या दोन मित्रांना भरायला लावले. त्याचे पैसे निघाले. मित्रांना मात्र पुढची माणसं मिळाली नाहीत. त्या दोघांशी त्याचं बोलणं आजही बंद आहे.

खरा धंदा आणि साखळी यांतला फरक ओळखायला मी एकच प्रश्न विचारते. हे पैसे भरल्यावर पुढे काही कमवायचं नाही असं ठरवलं, तरी केवळ त्या वस्तूसाठी कुणी एवढे पैसे मोजेल का? तवा तव्यासाठी घेतला जातो, पुस्तक पुस्तकासाठी. पण एखादा कोर्स फक्त तो पुढे विकता यावा म्हणून घेतला जात असेल, तर विकली जाते ती आपली ओळखपाळख. पैसे भरून माणसं जोडण्याच्या अशा साखळ्यांवर आपल्याकडे १९७८ पासून कायद्यानं बंदी आहे आणि थेट विक्रीच्या डिसेंबर २०२१ च्या नियमांनी पिरॅमिड योजनांना पुन्हा स्पष्ट मनाई केली आहे. ११,००० रुपये भरा आणि घरबसल्या सर्वेक्षणं भरून कमवा, असं सांगणाऱ्या स्पीक एशियाचं प्रकरण २०११ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेलं, ते पुष्कळांना आठवत असेल. दरवेळी फक्त वस्तूचं नाव बदलतं.

न उचललेला तवा

भाच्याला मी भरपूर सुनावलं. त्याच सुमारास मी स्वतः काय करत होते, ते आता सांगते.

पुस्तकांवर भागेना म्हणून मी उपनगरातल्या लहान स्वयंपाकघरांसाठी लागणाऱ्या वस्तूंवर लिहू लागले. वाचक वाढले. सुरुवातीला फक्त घरातल्या, वापरलेल्या वस्तूंवर लिहायचे. पण घरात असून असून वस्तू किती असणार? मग इतरांचे अभिप्राय वाचून, त्यांची गोळाबेरीज करून लिहायला लागले. २०२४ मध्ये एका बिडाच्या तव्यावर असंच लिहिलं. ‘आजीच्या तव्यासारखा, वापरायला सोपा.’ लेख इमारतीच्या ग्रुपवरही टाकला. खाली दुवा होता. त्यातून मला पैसे मिळतात, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तो तवा मागवला. सत्तरी ओलांडलेल्या, मनगटात संधिवात. तवा चांगलाच होता. बिडाचा असतो तसा जड होता. धुताना त्यांच्या हातातून सुटून पायावर पडला आणि अंगठ्याचं हाड मोडलं. भेटायला गेले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “अगं, तू उचलून पाहिला असशील, असं मी धरून चालले. तुझ्या आईनं कधी न पाहिलेलं काही सांगितलं नव्हतं.”

मी तो उचलला नव्हता. त्या तव्याचे मला साधारण ८० रुपये मिळाले होते. काकूंनी तवा घेतला तो माझ्या लेखामुळे नव्हे. मी पोस्टाच्या एजंटबाईंची मुलगी म्हणून घेतला. आईनं तीस वर्षं जमवलेली ठेव मी मोडली होती, आणि तीही तिच्या नकळत.

रुमालाखालचा भाव

त्यानंतर मी नियम मुळापासून वाचले. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागानं वस्तूंची शिफारस करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शिफारशीमागे पैसे, भेटवस्तू किंवा अन्य संबंध असेल तर तो ठळकपणे, साध्या शब्दांत आणि शिफारस ज्या भाषेत आहे त्याच भाषेत सांगायचा. मराठी लेखाखाली बारीक इंग्रजी अक्षरांत लिहून भागत नाही. जाहिरातींचं स्वनियमन करणाऱ्या मुंबईतल्या एएससीआय या संस्थेनंही २०२१ मध्ये असाच आग्रह धरला होता. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा चूक केली तर ५० लाखांपर्यंत. पण दाव्याची पुरेशी खातरजमा आधीच केली असेल, तर तो दंडातून सुटतो. ‘उचलून पाहिला होतास ना’ हा काकूंचा प्रश्न कायद्यातही आहे.

वाशीच्या बाजारात हापूसचे व्यवहार हत्ता पद्धतीनं होत आले आहेत. रुमालाखाली बोटं धरून अडत्या आणि खरेदीदार भाव ठरवतात. पेटी ज्यानं पिकवली त्याला भाव दिसत नाही. शेतकरी संघटनांनी वर्षानुवर्षं उघड लिलावाची मागणी केली ती यामुळेच. अडत कुणी भरायची, हाही जुनाच वाद. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारनं ती शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. माझ्या दुव्यातही रुमाल आहेच. वाचकाला वस्तू दिसते, किंमत दिसते, माझं कौतुक दिसतं. माझं बोट दिसत नाही. मला मिळणारे पैसे दुकान देतं, वाचकाचं बिल त्यामुळे वाढत नाही, हे खरं. पण तो खर्च शेवटी सगळ्यांच्या किमतीतच मिसळलेला असतो.

दलाली वाईट नाही. आईनं ती आयुष्यभर घेतली आणि ताठ मानेनं घेतली. कारण तिचे चार रुपये उघड होते आणि ती जे सांगायची ते तिला माहीत होतं. या दोन गोष्टी असतील तर हा उद्योग जरूर शिकावा; त्यांतली एक जरी नसेल, तर आपण स्वतःची पत किलोवर विकतो.

आता प्रत्येक लेखाच्या वर, दुव्याच्या आधी, मी लिहिते, ‘या दुव्यावरून खरेदी केलीत तर मला कमिशन मिळतं. ही वस्तू मी वापरली आहे.’ जी वापरली नाही तिच्याबद्दल लिहीत नाही. वस्तूचं वजन घरच्या काट्यावर करून देते. जुने चाळीसेक लेख काढून टाकले, त्यामुळे कमाई निम्म्यावर आली. महिन्याला वीजबिल आणि सोसायटीचा मेंटेनन्स निघतो. कधी तोही निघत नाही. पुस्तकांवर मात्र अजून लिहिते.

गेल्या महिन्यात काकूंनी हलक्या कढईबद्दल विचारलं. माझ्याकडची कढई मी त्यांना चार दिवस वापरायला दिली. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, “यात तुझे किती गं?”

“३२ रुपये, काकू.”

“बरं. पाठव तो दुवा,” असं म्हणून त्या चहाचं आधण ठेवायला उठल्या.