शेंदराची खूण

जुन्या लाकडी लाँचची पुढची उघडणारी खिडकी गळायला लागली की नाखवा आधी सिलिकॉनची नळी आणतो. काचेच्या कडेने पांढरा लेप फिरवतो, बोटाने दाबतो आणि निर्धास्त होतो. पुढच्या सरीला पाणी दुसऱ्याच कोपऱ्यातून सुकाण्यावर टपकतं. मग आणखी एक नळी. काही वर्षांनी त्या चौकटीवर लाकूड कमी आणि सिलिकॉन जास्त अशी अवस्था येते, आणि खिडकी गळतच राहते.

या गळतीचा नाद मला फार जुना आहे. समुद्रापासून दूर, डोंगराकडच्या शहापूरच्या माणसाने बोटींच्या फटींत का डोकं घालावं, हा प्रश्न घरातही विचारला जातो. त्याचं उत्तर शोधता शोधता मी एका डच दर्यावर्दीपर्यंत पोचलो आणि तिथून फिरून पुन्हा आमच्याच डोंगरात आलो. पण आधी खिडकी.

खिडकीला सांधे तीन. काच आणि झडप यांचा पहिला, बाहेरची चौकट आणि केबिनची भिंत यांचा दुसरा, आणि झडप जिथे चौकटीवर टेकते तो तिसरा. पहिले दोन जागचे हलत नाहीत. तिथे सीलंट चालतं, मात्र जुनं सगळं खरवडून काढल्यावरच, कारण जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही. साग असेल तर त्याच्या अंगचं तेलही आडवं येतं. ॲसिटोनने पुसून घेतल्याशिवाय त्यावर काही नीट चिकटत नाही. बिघाड बहुतेक वेळा तिसऱ्या सांध्यात असतो, आणि तिथे चिकटवण्याजोगं काही नसतंच. रबराची पट्टी चारही बाजूंनी सारखी दाबली गेली पाहिजे, एवढंच तिथलं गणित. प्रत्यक्षात बिजागरीच्या बाजूला रबर चेपून पापडासारखं झालेलं असतं आणि कडीच्या बाजूला ते चौकटीला नुसतं शिवत असतं. शिवाय वाऱ्यापुढे थोडं पाणी आत शिरणारच, हे धरून शहाणा सुतार खालच्या खाचेतून बाहेर उतार काढून भोकं ठेवतो. नाखवा सिलिकॉन भरतो तेव्हा पहिली बुजतात ती हीच भोकं. पाणी खाचेत तुंबतं, खालची पट्टी कुजते, स्क्रू सैल होतात. गळती थांबवायला निघालेला माणूस अशा रीतीने खिडकी कुजवून बसतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बोटी ओढून शाकारल्या जातात आणि बंदरावर सुतारांना उसंत नसते. एका जुन्या लाँचवर असंच एका मिस्त्रीचं काम मी जवळ बसून पाहिलं. त्याने झडप बिजागरीतून काढली आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मापले. ते सारखे नव्हते; चौकट तिरकी झाली होती. कुजलेली खालची पट्टी त्याने कापून काढली आणि सागाचा तुकडा बसवला. नवं रबर लावलं. मग खिशातून शाळेतला साधा पांढरा खडू काढून चौकटीच्या ज्या कडेवर रबर टेकतं तिच्यावर घासला, झडप लावून कडी आवळली आणि पुन्हा उघडली. काळ्या रबरावर पांढरी रेघ उमटली होती, पण सलग नव्हती. वरच्या उजव्या कोपऱ्यात चार बोटं जागा कोरीच. ‘पानी हितून येतं,’ एवढं बोलून तो बिजागरीखाली पातळ पत्रा सरकवायला लागला. रेघ सलग होईपर्यंत हेच चाललं. सीलंटची नळी सगळ्यात शेवटी उघडली गेली, तीही फक्त काचेपुरती.

हा खडू त्या मिस्त्रीचं गुपित नाही. मोठ्या मालवाहू जहाजांच्या फाळक्यांची झाकणं तपासतानाही सर्व्हेअर हेच करतात. टेकणीच्या कडेला खडू लावायचा, झाकण बंद करायचं, उघडून रबरावरची खूण पाहायची. आता त्यासाठी ध्वनिलहरींची यंत्रं आली आहेत, पाण्याचा फवारा मारूनही परीक्षा होते, पण खडू हटलेला नाही.

हीच खूण मला अचानक एका जुन्या प्रवासवर्णनात भेटली. योहान स्प्लिंटर स्टाव्होरिनस हा डच आरमारातला अधिकारी ईस्ट इंडिया कंपनीच्या, म्हणजे डचांच्या कंपनीच्या, जहाजांवर पूर्वेकडे आला. १७७५च्या सुमारास तो सुरतेत होता. त्याच्या प्रवासांचं सॅम्युअल हल विलकॉकने केलेलं इंग्रजी भाषांतर १७९८ साली तीन खंडांत निघालं. स्टाव्होरिनस हा रंगेल प्रवासी नव्हे. भाव, वजनं, वारे, कंपनीचा कारभार असल्या गोष्टींत तो रमतो. पानंच्या पानं मी उलटून टाकली. मात्र सुरतेच्या जहाजबांधणीपाशी हा रुक्ष माणूस थबकतो आणि फळ्या कशा जोडतात ते बारकाईने सांगतो.

तो सांगतो त्याचा मथितार्थ असा. युरोपात फळीची कड फळीच्या कडेला नुसती भिडवतात. सुरतेचे सुतार तसं करत नाहीत. ते कडांना खाचा पाडून एक फळी दुसरीत बसवतात. बसवण्याआधी खालच्या फळीच्या कडेला शेंदूर फासतात. वरची फळी तिच्यावर ठेवून दाबतात आणि उचलतात. उंचवटा असेल तिथे शेंदूर लागलेला दिसतो. तेवढंच तासायचं, पुन्हा ठेवायचं, पुन्हा उचलायचं. दोन्ही कडा सर्वांगाने मिळेपर्यंत हा उद्योग चालतो. मग दोन्ही कडांना एक चिकट लुकण चोळतात. ते कालांतराने लोखंडासारखं कठीण होतं. त्यावर कापसाचा पातळ थर, आणि मग खुंट्यांनी फळ्या अशा आवळायच्या की सांधा शोधावा लागावा, सगळं एकाच लाकडाचं वाटावं.

शेंदूर म्हणजे शिशाचं तांबडं भस्म. आपल्याकडे तेलात कालवून मारुतीला चढवतात तोच. तो इथे फट भरायला वापरलेला नाही. त्याचं काम फक्त साक्ष देण्याचं. कुठे टेकतंय आणि कुठे नाही, हे तो सांगतो आणि पुसला जातो. लुकण आणि कापूस येतात ते सगळा निवाडा झाल्यावर. सुरतेचा शेंदूर आणि मिस्त्रीचा खडू यांत रंगाचाच काय तो फरक. गळती भरावाने थांबत नाही, मिळणीने थांबते, हे सुरतेच्या सुताराला पक्कं ठाऊक होतं. स्टाव्होरिनसला ते नवल वाटलं म्हणून त्याने लिहून ठेवलं, आणि त्याचे उपकारच म्हणायचे, कारण आपल्याकडच्या कुणी ते लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

युरोपीय सुतारांना ही अक्कल नव्हती, असं म्हणून छाती फुगवण्यात मात्र अर्थ नाही. त्यांचं लाकूड ओक. फळ्यांच्या फटींत जुन्या दोरखंडांचा ताग ठोकून भरायचा आणि वर डांबर ओतायचं, ही त्यांची रीत त्यांच्या लाकडाला धरूनच होती. ओक पाण्याने फुगतो, उन्हाने आकसतो. त्याच्यासोबत दबेल आणि पसरेल असं काही मध्ये हवंच. साग हा फार कमी हलणारा. एकदा नीट वाळला की ओल-उन्हाने त्याच्या मापात फारसा फरक पडत नाही. शेंदूर लावून केसभर मापाने तासलेली मिळण वर्षानुवर्षं टिकते ती म्हणूनच. त्याच्या अंगचं तेल लोखंडी खिळ्यांना सांभाळतं, तर ओकमधलं आम्ल तेच खिळे खातं. सुरतेच्या कारागिरीचं अर्धं श्रेय, माझ्या मते, झाडाचं आहे.

आणि इथे माझा तालुका येतो. सुरतेचा लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुतारांना घेऊन मुंबईला आला आणि पुढे दीडशे वर्षं गोदीचं मुख्य मिस्त्रीपण त्या घराण्यात राहिलं, हे सर्वश्रुत आहे. त्या गोदीला साग पुरवणाऱ्या जंगलांचा पत्ता जुन्या इंग्रजी वर्णनांत मिळतो: घाटाच्या पश्चिम उतारावर, वसईच्या उत्तरेला आणि पूर्वेला, जिथून खाली येणाऱ्या नद्यांतून लाकूड वाहून आणता येतं. हे वाक्य घेऊन नकाशासमोर बसा. वसईच्या ईशान्येला वाडा, पूर्वेला शहापूर आणि मुरबाड. तानसा वैतरणेला मिळते आणि वैतरणा अर्नाळ्यापाशी समुद्राला. भातसा आणि काळू यांचं पाणी उल्हासमधून कल्याणच्या खाडीत. माहुलीच्या पायथ्याला किंवा माळशेजखाली पाडलेल्या ओंडक्याला बंदराची वाट पाण्यातून होती. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर तिथे जहाजं बांधायला काढली आणि रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगीज कारागिराला कामाला लावलं, पण १६५९ साली वसईच्या कप्तानाने त्याला फितवून पळवलं, हा किस्सा इतिहासप्रेमींना माहीत असतो. व्हिएगस पळाला, डोंगर आणि नद्या जागेवरच होत्या.

पाण्यातून लाकूड आणायचं म्हणजेही सोपं नव्हे. ओला साग जड, धड तरंगत नाही. म्हणून मलबारात आणि ब्रह्मदेशात झाडाच्या बुंध्याभोवती खाच घालून ते उभ्यानेच वाळू देत आणि मग तोडत. ओंडके बांबूंना बांधून सोडत. मलबारच्या सागासाठी इंग्रजांनी १८०६ साली कॅप्टन वॉटसनला पहिला जंगलरक्षक नेमला, तो झाडांच्या प्रेमाने नव्हे, जहाजांच्या भुकेने. मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन १८४७ साली वनसंरक्षक झाला. १८५३ला रेल्वे आली आणि स्लीपरांच्या मागणीने आमच्या बाजूच्या जंगलांवर दुसरा घाव बसला.

त्याआधी, अठराव्या शतकात, आमच्या बाजूचं हे जंगल इंग्रजांचं नव्हतंच. १७३९ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि मागचा सगळा मुलूख पेशव्यांचा. म्हणजे मुंबईच्या गोदीत इंग्रजांची जहाजं बांधली जात होती ती काही अंशी पेशव्यांच्या राज्यातल्या झाडांची. हा व्यापार कुणाला खटकल्याचं माझ्या वाचनात नाही. 

वाडियांचं एक जहाज अजून पाण्यावर आहे. जमशेटजी बोमनजींनी बांधलेली त्रिंकोमाली ही फ्रिगेट १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरली. त्यानंतर चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली; शहापूर-मुरबाड त्याआधीच, जूनमधल्या पुण्याच्या तहात, पेशव्यांच्या हातून गेलं होतं. त्रिंकोमालीचे नकाशे पहिल्यांदा पाठवले ते ‘जावा’ या ब्रिटिश जहाजाबरोबर गेले. १८१२च्या डिसेंबरात अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ते जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यालगत हरवून नष्ट केलं. नकाशे पुन्हा पाठवावे लागले. तिचा साग मलबारचा मानतात, तेव्हा तिच्यावर शहापूरचा हक्क मी सांगणार नाही. पण ती इंग्लंडला पोचल्यावर पंचवीसेक वर्षं नुसती बांधून ठेवली गेली आणि तरी टिकली. पुढे प्रशिक्षणाचं जहाज झाली, १८९७ला भंगारवाल्याला विकली गेली, जॉर्ज व्हीटली कॉब या गृहस्थाने तिला सोडवून ‘फूद्रॉयां’ हे नाव दिलं. १९८७ला तिला हार्टलपूलला नेलं. १९९० ते २००१ अशी अकरा वर्षं डागडुजी चालली आणि मधे मूळ नावही परत मिळालं. आज पाण्यावर असलेली ती ब्रिटनची सर्वांत जुनी युद्धनौका, आणि तिचं बरंचसं लाकूड अजून मुंबईत बसवलेलंच आहे.

त्रिंकोमालीच्या मागच्या अंगाला कप्तानाच्या खोलीच्या खिडक्या आहेत. लढाऊ जहाजाची सगळ्यात नाजूक जागा ती. वादळात त्या काळी काचेवर विसंबत नसत. लाकडी झडपा ठोकून त्या बंद करत. तोफांच्या खिडक्यांचंही तेच. समुद्र खवळला की त्यांच्या झाकणांच्या कडांत ताग आणि चरबी कोंबत. १६२८ला स्वीडनचं ‘वासा’ हे नवंकोरं जहाज पहिल्याच फेरीत कललं आणि तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी शिरून बुडालं. जहाजाचं सगळं अंग कितीही घट्ट असो, त्याची परीक्षा उघडणाऱ्या जागी होते.

मुंबईच्या जहाजांचा गौरव करताना आपण वाडिया घराण्याची वंशावळ म्हणतो, आणि म्हणावीच. पण ज्या ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळ्यांच्या डोंगरातून साग खाली गेला, त्यांच्यातलं एकही नाव या कथेत येत नाही. सुताराची मिळण ज्या लाकडावर अवलंबून होती, ते निवडणारा, पाडणारा आणि पाण्यापर्यंत ओढणारा माणूस गोदीच्या कौतुकात बसत नाही. ही उणीव इतिहास लिहिणाऱ्यांची आहे.

आणि हे लाकूड किती मोलाचं, ते गळक्या खिडकीपाशी रोज कळतं. सागाची चौकट कुजली की नाखवा स्वस्तातलं लाकूड किंवा प्लायवूड बसवतो. ते एका पावसात फुगतं, पुढच्या उन्हाळ्यात आकसतं. मग कितीही भारी रबर लावा, दाब सारखा राहत नाही. खडूची रेघ आज सलग आली तरी दिवाळीला तुटते. म्हणून माझा सल्ला साधा आहे. खर्च करायचा तर आधी सागाच्या पट्टीवर करा, मग बिजागरीवर, मग रबरावर. एक खडू आणा आणि चौकटीवर घासा. सिलिकॉनची नळी घ्यायची की नाही, ते तो खडूच सांगेल.